दोघांची सहल : त्र्यंबकचे ऊन आणि दोन्ही बाजूंचा हिशेब

मालेगावचे एक यंत्रमागवाले आमच्याकडे एक जाहिरात घेऊन आले. वाळवंटात तंबू, उंटावरची फेरी, रात्री शेकोटी आणि सकाळी ऊन, असा मजकूर. म्हणाले, "लग्नाला बावीस वर्षे झाली. दोघे मिळून कुठे गेलो नाही. घरातलीने नाशिक पाहिले ते इस्पितळात. आता डॉक्टर म्हणतात, उन्हात बसा, रोज चाला, एकसारखी कांडी भरत बसू नका. या तंबूवाल्यांचा खर्च किती येईल, ते सांगा."

प्रश्न एका घरचा असला तरी तो आमच्या पुष्कळ वाचकांचा आहे. दुकानदार, कारागीर, मागवाला यांना सहल म्हणजे नातेवाइकाचे लग्न किंवा उरूस. नवरा-बायको दोघेच विश्रांतीसाठी बाहेर पडले, ही गोष्ट क्वचितच घडते. पैसा नसतो असे नाही. धंदा बंद ठेवायची भीती असते, आणि बाहेरचे दर ठाऊक नसल्याने फसण्याचीही भीती असते. माल खरेदी करताना आपण जो हिशेब मांडतो तोच येथे मांडला, तर दोन्ही भीती बऱ्याच कमी होतात. म्हणून त्या गृहस्थांबरोबर बसून जो हिशेब केला, तो येथे देत आहोत.

नेमका कोणता माल हवा?

पहिला प्रश्न हाच. जाहिरातीत उंट होता, पण या जोडप्याला उंट नको होता. त्यांना हवे होते स्वच्छ ऊन, कोरडी हवा, चालायला जागा आणि दोन रात्री शांतता. जैसलमेरजवळ साम येथे वाळूच्या टेकड्या आहेत, तंबूही आहेत. ती जागा पाहण्यासारखी आहे, यात शंका नाही. पण मालेगावहून जाण्यायेण्यातच दिवस मोडतात. आठ दिवस माग बंद ठेवायचे, तर तिकीट आणि तंबू यांपेक्षा बंद मागाचे नुकसान मोठे. तो खर्च जाहिरातीत कधीच छापलेला नसतो.

हाच माल जवळ कुठे मिळतो? आमचे उत्तर होते त्र्यंबकेश्वर. ते ऐकून ते हसले. त्र्यंबक म्हणजे पाऊस, वाळवंटाशी त्याचा काय संबंध?

संबंध असा. त्र्यंबक सह्याद्रीच्या कुशीत आहे. पावसाळ्यात ढग डोंगराला अडतात आणि तेथे धो धो पाऊस पडतो. मालेगाव पूर्वेला, डोंगराच्या आडोशाला, म्हणून तेथे त्या मानाने फारच थोडा. पण ऑक्टोबरात पाऊस परतला की चित्र पालटते. आकाश निरभ्र होते, हवा कोरडी होते. वाळवंटात दिवसा ऊन आणि रात्री गारठा का असतो? हवेत बाष्प नाही, वर ढग नाहीत, त्यामुळे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता भराभर सोडून देते. नाशिक जिल्ह्यात हिवाळ्यात नेमके हेच घडते. निफाडला पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या बातम्या आपण वाचतोच. सारांश, नोव्हेंबर अखेर ते फेब्रुवारी या काळात त्र्यंबकच्या परिसरात वाळूखेरीज बाकी सगळे मिळते. वर डोंगर मिळतो, तो वेगळा.

दिवस कसे निवडावेत?

मालेगावचे माग शुक्रवारी बंद असतात. याचाच फायदा घ्यावा. बुधवारी सकाळी निघावे, बुधवार आणि गुरुवार अशा दोन रात्री राहावे, शुक्रवारी परतावे. माग बंद राहतो तो दोनच दिवस. दुसरा लाभ दराचा. शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची गर्दी येते आणि खोल्यांचे भाव चढतात. मधल्या वारी त्याच खोलीसाठी घासाघीस करता येते.

काही दिवस मात्र टाळावेत. सोमवारी देवदर्शनाची गर्दी असते. पौष वद्य एकादशीला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते, ती जानेवारीत किंवा फेब्रुवारीच्या आरंभी येते. महाशिवरात्र आणि नाताळचा आठवडाही सोडावा. शिवाय सिंहस्थ आहे. जाहीर झालेल्या वेळापत्रकाप्रमाणे ३१ ऑक्टोबर २०२६ रोजी ध्वजारोहण आणि २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मुख्य स्नाने आहेत. त्या काळात विश्रांतीसाठी जाण्यात अर्थ नाही. रस्त्याची कामे आणि वाहतुकीतले बदल यांची चौकशी निघण्यापूर्वी करावी.

दोन दिवसांचा बेत

बुधवार : मालेगाव ते नाशिक सुमारे १०५ किलोमीटर, तेथून त्र्यंबक सुमारे ३० किलोमीटर. वाटेत अंजनेरी लागते. तेथे १९८० साली स्थापन झालेली नाणकशास्त्र संशोधन संस्था आहे आणि तिचे नाण्यांचे संग्रहालय आहे. व्यापाऱ्याने ते अवश्य पाहावे. गल्ल्यात रोज हात घालणाऱ्या माणसाला नाणे घडते कसे आणि राज्य बदलले की ते बदलते कसे, हे पाहायला मिळते. वेळा आधी विचारून घ्याव्यात. संध्याकाळी खोलीवर पोचून जवळपास एक फेरी मारावी. पहिल्या दिवशी डोंगर नको.

गुरुवार : पहाटे उठून अंजनेरीचा डोंगर. उंची सुमारे ४,२०० फूट. गावातून वाट आहे, काही भाग पायऱ्यांचा. सवय नसलेल्याने दोन-अडीच तास धरावेत. वर मोठे पठार आणि तळे आहे. पठारापर्यंत गेले तरी पुरे, शिखर गाठलेच पाहिजे असे नाही. प्रत्येकी दोन लिटर पाणी, टोपी आणि पकड असलेले बूट घ्यावेत, चपला नकोत. माकडे आहेत, म्हणून खाण्याची पिशवी हातात लोंबकळत ठेवू नये. गुडघ्यावर जोर चढताना येतो त्यापेक्षा उतरताना जास्त येतो. म्हणून थकण्याआधी परत फिरावे. दुपारी जेवण आणि आराम.

शुक्रवार : सकाळी अंगणात किंवा गच्चीवर उन्हात बसावे. दहाच्या सुमारास निघाले की जुम्याच्या नमाजला नाशिक गाठता येते. संध्याकाळी घरी.

हरिहर किल्ल्याची छायाचित्रे सर्वांनी पाहिलेली असतात. कातळात कोरलेल्या त्याच्या पायऱ्या जवळजवळ उभ्या आहेत. पन्नाशीच्या जोडप्याने पहिल्याच सहलीत तेथे जाऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगितले. ब्रह्मगिरी हा गोदावरीच्या उगमाचा डोंगर, आणि तोच त्र्यंबकगड. १८१८ मध्ये तो इंग्रजांनी घेतला. गंगाद्वारापर्यंत पायऱ्या आहेत, डोंगर म्हणून तो चढता येतो. श्रद्धेची जागा आहे, हे ध्यानी ठेवून चालावे. नानासाहेब पेशव्यांनी काम सुरू केलेले त्र्यंबकेश्वराचे काळ्या दगडाचे मंदिर बाहेरून दिसते. आत हिंदूंखेरीज इतरांना प्रवेश नाही. तसा फलक तेथे आहे, त्याचा मान राखावा.

खोली घेताना

येथे आमचा अनुभव सांगतो. एकदा आम्ही फोनवर खोली ठरवली, आगाऊ पैसे पाठवले, पावती मागितली नाही. पोचलो तेव्हा खोली दुसऱ्याला दिलेली. मालक म्हणाले, "तुमचे नाव वहीत नाही." त्यांचे म्हणणे खोडायला आमच्याकडे कागदच नव्हता. दुकानात पाच रुपयांची पावती फाडणारे आम्ही, तेथे चुकलो. म्हणून :

एक, तारखा, खोलीचा प्रकार, एकूण रक्कम आणि आगाऊ रक्कम मोबाइलवर लेखी मागवावी. रद्द केल्यास किती परत मिळणार, हेही त्यातच यावे.

दोन, कर धरून भाव विचारावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजी ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे, त्यावर गेले की १८ टक्के. ३,००० ची खोली दोन रात्री म्हणजे ६,०००, कर ३००, एकूण ६,३००. आता उंबरठ्यावरचा हिशेब पाहा. ७,४०० ची खोली करासह ७,७७० ला पडते, ७,६०० ची ८,९६८ ला. भावात फरक २००, बिलात १,१९८.

तीन, गरम पाणी कोणत्या वेळी, पांघरुणे किती, खोलीवर ऊन येते का, हे विचारावे. पोहण्याच्या हौदाचे जादा पैसे हिवाळ्यात देऊ नयेत, पाणी बर्फासारखे असते.

चार, जेवणाचे आधीच ठरवावे. त्र्यंबक तीर्थक्षेत्र आहे, गावात शाकाहारी जेवण सहज मिळते. बाजरीची भाकरी, पिठले आणि ठेचा डोंगर उतरल्यावर उत्तम लागतो. हलाल मांसाहारच हवा असेल तर परतीच्या वाटेवर नाशिकला जेवावे.

पाच, दोघांचीही ओळखपत्रे बरोबर ठेवावीत. गाडी भाड्याची असेल तर पिवळ्या पाटीचीच घ्यावी. खासगी गाडी भाड्याने नेली आणि अपघात झाला, तर विम्याच्या भरपाईत अडचण येते.

गल्ल्याच्या दुसऱ्या बाजूने

ते गृहस्थ जानेवारीत जाऊन आले. आम्ही विचारले, कसे झाले? म्हणाले, "पठारापर्यंत ती माझ्या पुढे होती." आणि लगेच दुसरे वाक्य : "खोलीतली ब्लँकेटे पानिपतची होती. चादर आमच्या मालापेक्षा हलकी."

हे दुसरे वाक्य आम्हाला महत्त्वाचे वाटते. जो माणूस गिऱ्हाईक म्हणून एकदा खोलीत राहतो, त्यालाच कळते की तेथे काय लागते. हिवाळी पाहुण्याला रजई लागते, तेथे आपल्या पिंजाऱ्याचे काम आहे. चादर, टॉवेल, पडदे येथे मोमीन विणकराचे. द्राक्षांचा हंगाम जानेवारीपासून सुरू होतो, न्याहारीची फळे बागवान पुरवू शकतो. जोडपे म्हटले की बांगड्या आणि अत्तर आले, म्हणजे मणियार आणि अत्तार आले. खाटा, खुर्च्या, लोखंडी कठडे, तंबूची शिलाई, गाडी आणि चालक, ही यादी बरीच लांबते. २०२७ च्या सिंहस्थासाठी खोल्या वाढतील तशी मागणीही वाढेल. पण सिंहस्थ एकदा येऊन जातो, हिवाळा दरवर्षी येतो. कायमचे गिऱ्हाईक हिवाळ्यात जोडावे.

लहान कारागिराच्या बाजूची एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नाही. ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के कर घेणाऱ्या हॉटेलवाल्याला त्या धंद्यासाठी केलेल्या खरेदीवरील जीएसटीची वजावट मिळत नाही. त्याने नोंदणीकृत दुकानातून १०,००० चे लाकडी फर्निचर घेतले, तर १८ टक्क्यांसह ११,८०० त्याच्या खिशातूनच जातात. फक्त माल विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही. असा सुतार वर कर लावत नाही. कच्च्या मालावर त्याने दिलेला कर त्याच्या किमतीत आलेला असतो, तरी भावात टिकायला त्याला जागा राहते. परराज्यात माल पाठवणे वगैरे बाबतींत नियम वेगळे आहेत, म्हणून कर सल्लागाराला एकदा विचारावे. ऑर्डर घेताना नमुना दाखवावा, माप लिहून घ्यावे आणि तारीख पाळावी. हंगाम नोव्हेंबरला सुरू होतो, तेव्हा रजई ऑक्टोबरात पोचली पाहिजे. डिसेंबरात पोचलेल्या मालाचे पैसे पुढच्या वर्षी मिळतात.

सहलीला जा ती धंदा शोधायला, असे मात्र आम्हाला म्हणायचे नाही. उलट, दोन दिवस फोन बंद ठेवावा असेच सांगू. त्या बाईंनी बावीस वर्षे कांड्या भरल्या, तेव्हा माग चालला. घरातली मजुरी हिशेबात धरायची आपल्याला सवय नाही. तिचा काहीच मोबदला वहीत लिहिलेला नसतो. दोन दिवसांचे ऊन हा त्या थकबाकीचा एक छोटा हप्ता समजावा, आणि तो दरवर्षी वेळेवर भरावा.