'शांतताप्रिय' : अर्थ आणि वापर

'शांतताप्रिय' हा बहुव्रीही समास असून 'शांतता ज्यास प्रिय आहे तो' असा त्याचा विग्रह होतो. 'शांतिप्रिय' हे रूपही रूढ आहे. सुटा 'शांती' दीर्घान्त लिहावयाचा, समासात पूर्वपदी आल्यास ऱ्हस्व, एवढे पाळले म्हणजे पुरे. अर्थाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. 'शांतता' या भाववाचक नामास मराठीत निःशब्दता आणि कलहाचा अभाव असे दोन अर्थ आहेत. विजय तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाच्या नावात पहिला आहे, 'शांतता समिती'त दुसरा. 'शांततावादी' युद्धास तत्त्वतः विरोध करतो. 'शांतताप्रिय' केवळ वृत्ती सांगतो, म्हणूनच तो संपूर्ण गावासही सहज लावला जातो.

भंडारा जिल्ह्यात या दोन अर्थांतील अंतर ठळकपणे दिसते. मोहाडी तालुक्यातील खैरलांजी येथे २९ सप्टेंबर २००६ रोजी एका दलित कुटुंबातील चौघांची हत्या झाली. त्यांच्या शेतातून वाट काढण्यावरून वाद जुनाच होता. पुढील वर्षी, १५ ऑगस्ट २००७ रोजी, राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. सामोपचाराने तंटे मिटविणे हा तिचा हेतू स्तुत्यच. परंतु तंटा मिटणे वेगळे आणि त्याची वाच्यता न होणे वेगळे. दुर्बलाने तक्रार करणेच सोडलेल्या गावात शांतता असते ती पहिल्या अर्थाने. विशेषण लावताना मात्र दुसरा अर्थ गृहीत धरला जातो, आणि तक्रार करणारा शांतताप्रियांच्या गणनेतून वगळला जातो.