अर्ध्या टाकीची शर्यत

औरंगपुऱ्याच्या मंडईतून भाजीच्या पिशव्या लादून निघालेली स्कूटर ब्रेकला उशिरा दाद देते आणि वळणावर जड वाटते. याच साध्या नियमावर 4 ऑगस्ट 1957 रोजी जर्मन ग्रां प्री ही मोटारशर्यत जिंकली गेली.

नुरबुर्गरिंगची एक फेरी सुमारे 22.8 किलोमीटरची, आणि अशा 22 फेऱ्या. फेरारीचे हॉथॉर्न आणि कॉलिन्स पूर्ण टाकी भरून, न थांबता धावणार होते. माझेराटीच्या हुआन मॅन्युएल फांजिओने मात्र अर्धीच टाकी भरली.

पेट्रोलचे वजन लिटरमागे सुमारे पाऊण किलो. शंभर लिटर कमी म्हणजे एक धडधाकट माणूस गाडीतून उतरल्यासारखेच! हलकी गाडी लवकर वेग घेते, लवकर थांबते आणि टायर कमी झिजवते. त्यामुळे जास्त पकड देणारे मऊ रबर वापरता येते.

फांजिओने आघाडी घेतली, पण इंधन आणि टायरसाठीचा थांबा लांबला. तो पाऊण मिनिटाच्या आसपास मागे पडला. मग त्याने फेरीचा विक्रम पुन्हा पुन्हा मोडला. विसाव्या फेरीची वेळ होती 9 मिनिटे 17.4 सेकंद. एकविसाव्या फेरीत दोन्ही फेरारी मागे पडल्या.

विजयाचे अंतर फक्त 3.6 सेकंद. सेहेचाळीस वर्षांच्या फांजिओचे पाचवे जगज्जेतेपद यासह पक्के झाले आणि हा त्याचा जागतिक स्पर्धेतील शेवटचा विजय ठरला.