पडद्यामागचा कॅमेरा

जबलपूर शहरात राणीताल, चेरीताल आणि अधारताल अशी तीन नावे आजही रोज उच्चारली जातात. गोंडवानाची राणी दुर्गावती हिने पहिला तलाव बांधविला, दुसरा तिच्या दासीने आणि तिसरा तिचा मंत्री अधारसिंह याने, असे परंपरा सांगते. राणीची कीर्ती तर राहिलीच. पण तिच्यामागे उभ्या राहिलेल्या माणसांची आठवणही या नावांनी जपली. प्रत्येक कामाच्या वाट्याला असे भाग्य येत नाही. मासिकातील सुंदर वेशभूषेचे छायाचित्र आपण पाहतो, तेव्हा ते कोणाकोणाच्या श्रमांतून घडले, हे आपल्याला कळत नाही. ते दाखविण्यासाठी जे वेगळे चित्रीकरण केले जाते, त्याला पडद्यामागचे चित्रण म्हणतात.

ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१२ मध्ये लंडनला जाऊन चित्रपटनिर्मितीचे तंत्र जाणून घेतले, कॅमेरा मिळविला आणि १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट लोकांसमोर आणला. त्यानंतर १९१७ च्या सुमारास त्यांनी चित्रपट कसे तयार होतात, हे दाखविणारा एक लघुपट काढला. त्यात नटांना सूचना देणारे आणि फिल्म तपासणारे फाळके स्वतःच दिसतात. पडद्यावरील चमत्कार हा जादूटोणा नसून मेहनतीचा आणि बुद्धीचा खेळ आहे, हे त्या काळच्या प्रेक्षकाला या लघुपटातून उमगत होते.

आता एखाद्या परदेशी समुद्रकिनाऱ्यावर चाललेल्या फॅशनच्या छायाचित्रणाची कल्पना करा. मुख्य छायाचित्रकाराचे लक्ष केवळ मॉडेल आणि तिचा पोशाख यांवर असते. पडद्यामागचा कॅमेरा मात्र उरलेले सारे टिपतो. पोशाख अंगावर चपखल बसावा म्हणून पाठीमागे लावलेले चिमटे, वाऱ्याने उडणारी पांढरी परावर्तक चौकट घट्ट धरून उभा असलेला सहायक, केस पुन्हा पुन्हा सारखे करणारी केशभूषाकार हे सारे त्यात येते. उन्हाळी कपड्यांची छायाचित्रे पुष्कळदा थंडीच्या दिवसांत काढावी लागतात, कारण ती हंगामाच्या काही महिने आधी तयार हवी असतात. छायाचित्रात मॉडेल हसत असते. दोन छायाचित्रांच्या मध्ये ती शालीत गुरफटून कुडकुडत असते. हे सत्य दुसऱ्या कॅमेऱ्यालाच दिसते.

हे काम वाटते तितके सोपे नाही. छायाचित्रासाठी वापरला जाणारा फ्लॅशचा प्रकाश सेकंदाच्या अगदी लहानशा अंशापुरता उजळतो. तेवढ्यात छायाचित्र निघते. पण सलग चित्रण करणाऱ्या कॅमेऱ्याला उरलेल्या वेळेत बंदिस्त स्टुडिओ अंधुकच दिसतो. म्हणून त्याला मंद प्रकाशात काम करावे लागते किंवा मुख्य प्रकाशयोजनेला बाधा न आणणारा छोटा दिवा जवळ ठेवावा लागतो. परदेशात आणखी एक अडचण येते. भारतात विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे, तर अमेरिकेत ती ६० हर्ट्झ आहे. कॅमेऱ्याच्या झडपेचा वेग स्थानिक विजेशी जुळविला नाही, तर काही दिव्यांच्या प्रकाशात चित्र लुकलुकते किंवा त्यावर पट्टे दिसतात.

साहित्य परदेशी नेतानाही दक्षता घ्यावी लागते. अनेक देशांत एटीए कार्नेट नावाचे कागदपत्र चालते. त्यातील यादीप्रमाणे कॅमेरे, भिंगे आणि दिवे काही काळापुरते सीमाशुल्क न भरता नेता येतात. मात्र परतताना प्रत्येक वस्तू यादीशी जुळली पाहिजे. दिवसभराचे चित्रण रात्री दोन वेगवेगळ्या ठिकाणी साठवून ठेवणे, हाही या कामातील शहाणपणाचा नियम आहे. गेलेला क्षण पुन्हा घडवून आणता येत नाही.

तंत्राइतकीच मर्यादाही महत्त्वाची आहे. कपडे बदलण्याच्या जागी कॅमेरा नेऊ नये. थकलेल्या किंवा रडणाऱ्या माणसाचे चित्रण त्याच्या संमतीवाचून दाखवू नये. ज्याचे काम आपण जगाला दाखवणार, त्याचा मान राखणे हे आपले पहिले कर्तव्य होय.

या चित्रणाचा उपयोग केवळ कुतूहल भागविण्यापुरता नाही. गुळगुळीत छायाचित्रे पाहून अनेक तरुण मुले-मुली आरशातील स्वतःच्या रूपावर नाराज होतात. प्रकाशयोजना, रंगभूषा आणि नंतर संगणकावर केलेले फेरफार यांमुळे ते रूप तयार झालेले असते, हे त्यांना ठाऊक नसते. म्हणूनच फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून एक नियम लागू झाला. जाहिरातीच्या छायाचित्रात मॉडेलची शरीरयष्टी अधिक बारीक किंवा जाड केली असेल, तर तशी सूचना त्यावर छापणे बंधनकारक झाले. कायदा एका ओळीत जे सांगतो, तेच पडद्यामागचे चित्रण डोळ्यांना दाखवून देते.

पुढच्या वेळी एखादे देखणे छायाचित्र पाहाल, तेव्हा क्षणभर थांबा. चौकटीच्या बाहेर परावर्तक धरून कोणीतरी उभे आहे, हे आठवा. मग त्या छायाचित्राचे सौंदर्य कमी होणार नाही. आपली स्वतःविषयीची तक्रार मात्र नक्कीच कमी होईल.