ज्वारीच्या ताटाची गाडी

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातलं, कर्नाटकाच्या सीमेलगतचं आमचं गाव. घरात कन्नड, शाळेत मराठी. खेळताना भांडण झालं तर दोन्ही!

रब्बीची ज्वारी साधारण फेब्रुवारीत निघाली, की कणसं खळ्यावर जात आणि कडब्याची गंजी लागे. त्यातली चार जाड ताटं आम्ही लांबवायचो. ताटाची साल कडक, आतला गाभा मऊ. सालीच्या काड्या करायच्या आणि गाभ्याच्या तुकड्यांत खुपसायच्या. खिळा नको, डिंक नको. गाभाच काडीला घट्ट धरतो. तासाभरात बैलगाडी तयार. सालीनं बोट मात्र हमखास कापे. गाडी मोडली, की म्हशीपुढं टाकायची.

ताई माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिची गाडी माझ्याहून सुबक व्हायची. पण दहाव्या वर्षी तिच्या वाट्याला आडाचं पाणी आणि भाकरी आली. आमच्याकडची कडक भाकरी पातळ थापतात, भाजून वाळवतात. ओल उरत नाही, म्हणून ती कित्येक दिवस टिकते. आई आठवड्याच्या भाकरी एकदम करी, आणि ताईचा सुटीचा दिवस चुलीपुढं जाई.

मी अंगणातून ओरडायचो, ''ताई, चाक बसत नाही गं!'' ती पिठाच्या हातानं येई, काडी नीट बसवून आत जाई. स्वतःची गाडी तिनं पुन्हा केली नाही.

परवा तिच्या नातवासाठी मी गाडी करायला बसलो. चाक काही बसेना. ताईनं ते माझ्या हातातून ओढूनच घेतलं.