गारगोटीची पारख

मराठीत 'गार' म्हणजे आभाळातून पडणारी बर्फाची गोळी, आणि 'गार' म्हणजे शेताच्या बांधावर सापडणारी पांढरी गारगोटीही. ग्रीकांनाही हाच भास झाला होता. स्फटिकासाठीचा त्यांचा शब्द मुळात बर्फाचा. पहिल्या शतकातल्या प्लिनीने तर स्फटिक म्हणजे घट्ट गोठलेला बर्फच, असे लिहून ठेवले. तो समज केव्हाच मागे पडला. खडा हाताला गार लागला की तो अस्सल, ही समजूत मात्र अजून टिकून आहे.

गारवा खोटा नाही. क्वार्ट्झमधून, म्हणजे गारगोटीतून, उष्णता काचेपेक्षा लवकर वाहते, म्हणून तळहातावर तो जास्त थंड लागतो. पण कॅल्साइटही थंडच लागतो. या कसोटीने फार तर काच बाजूला काढता येते.

'काचेवर ओरखडा उठला, म्हणजे क्वार्ट्झ' हेही अर्धेच खरे. मोह्सच्या मापावर क्वार्ट्झचा कठीणपणा 7, साध्या काचेचा साडेपाचच्या आसपास. काचेवर ओरखडा फेल्डस्पारही उठवतो आणि पुष्कराजही. म्हणून फुटलेली बाजू पाहावी. क्वार्ट्झ सपाट पापुद्र्यांत सुटत नाही. त्याचा तुकडा उडाला की शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी वळणदार खोलगट जागा राहते. काचही अशीच फुटते, पण काचेत बहुतेकदा गोल बुडबुडे दिसतात आणि ती चाकूच्या पोलादापुढे फारशी टिकत नाही.

महाराष्ट्रात खरी गफलत होते ती अपोफिलाइट या खनिजाशी. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हाचे थर पसरले. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांनी पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत झिरपलेल्या खनिजयुक्त पाण्यातून स्फटिक वाढले. पुणे, नाशिक, जळगाव, जालना या भागांतल्या दगडखाणींत सुरुंग लागला की अशा पोकळ्या उघड्या पडतात. क्वार्ट्झ आणि अपोफिलाइट दोन्ही पाण्यासारखे नितळ, दोन्ही टोकदार, आणि नवखा माणूस दोघांनाही स्फटिकच म्हणतो. भिंग घेऊन कडेच्या बाजूंवर नजर टाकली की उलगडा होतो. क्वार्ट्झच्या खांबाला सहा बाजू असतात आणि त्यांवर आडव्या बारीक रेघा. अपोफिलाइटचा आडवा छेद चौकोनी, रेघा उभ्या, आणि माथा सपाट असेल तर त्यावर मोत्यासारखी झाक. त्याचा कठीणपणाही पाचाच्या आतबाहेर, म्हणजे चाकूने चरा पडू शकतो. चरा पाडायचाच तर तळाच्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर पाडावा. दर्शनी बाजूवर चाकू फिरवणे म्हणजे पारख करता करता नमुनाच गमावणे.

रंग गडद म्हणून किंमत जास्त, हे गणितही फसवे आहे. क्वार्ट्झचाच प्रकार असलेल्या जांभळ्या अ‍ॅमेथिस्टचा रंग लोहाच्या अंशामुळे आणि नैसर्गिक किरणोत्सारामुळे येतो. तो भट्टीत चारपाचशे अंशांपर्यंत तापवला की बहुधा पिवळा-नारिंगी होतो. बाजारातला पुष्कळसा 'सिट्रीन' असाच तयार होतो. शेंड्यांना भाजक्या विटेसारखा रंग आणि बुडाशी पांढुरका भाग दिसला, की भट्टीची शंका घ्यावी. नैसर्गिक सिट्रीन सहसा फिकट, थोडा धुरकट असतो. इंद्रधनुषी चकाकीचे खडे तर बहुतेक धातूच्या पातळ लेपाचे. खडा क्वार्ट्झचाच, पण चमक कारखान्यातली. विक्रेत्याने तसे सांगून विकले तर त्यात गैर काही नाही.

आणि वजन? क्वार्ट्झ हे पृथ्वीच्या कवचातल्या सर्वाधिक आढळणाऱ्या खनिजांपैकी एक. ते दुर्मीळ नाही. दुर्मीळ आहे ते न दुखावलेले टोक. खाणीतून घरापर्यंतच्या प्रवासात टपोरा स्फटिक शेंड्याशी टवका उडून येतो आणि संग्राहकाच्या लेखी त्याचे मोल तिथेच घसरते. बोटाएवढा, पण धारदार कडांचा, चकचकीत अंगाचा, मूळ दगडावर नीट उभा असलेला स्फटिक त्यापेक्षा कितीतरी जास्त भाव घेतो. 'मूळ दगडावर' हेही तपासावे लागते. सुटा स्फटिक डिंकाने चिकटवलेला असेल, तर बुडाशी चकचकीत कड दिसते आणि अतिनील दिव्याखाली बऱ्याचदा डिंक उजळतो.

घरी आणल्यावर आम्लात बुडवून लख्ख करण्याचा मोह होतो. क्वार्ट्झला त्याने फारसे काही होत नाही, पण शेजारी कॅल्साइट असेल तर तो फसफसून विरघळतो. झिओलाइट आणि अपोफिलाइटही खराब होतात. कोमट पाणी आणि मऊ ब्रश पुरतो. अ‍ॅमेथिस्ट खिडकीत ठेवू नये, उन्हाने रंग उतरत जातो. चिठ्ठीवर गाव, तालुका, खाण आणि मिळाल्याचे वर्ष त्याच दिवशी लिहून ठेवावे: ही माहिती हरवलेला उत्तम नमुनाही संग्राहक आणि संग्रहालये कमी मोलाचा मानतात, आणि ती नंतर दगडाकडे पाहून खात्रीने सांगता येत नाही.