रियाधच्या चहासोबत फळांचे बन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

जुलैमध्ये रियाधच्या ओलाया भागातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये गार पाण्याचा नळ सोडला, तर हात पटकन मागे येतो. बाहेर पारा ४३-४४ अंशांवर, गच्चीवरच्या टाक्या दिवसभर उन्हात, त्यामुळे ‘गार’ नळालाही गरमच पाणी येतं. त्याच पाण्यात कोणी यीस्टचं पीठ मळतं, तासाभरात ते पसरतं, आंबूस वास येतो, आणि निष्कर्ष निघतो : इथल्या हवेत बेकिंग जमत नाही.

हवेचा यात फारसा दोष नाही. शुक्रवारच्या सुट्टीत दुपारच्या चहाला खजुराचे, आंब्याचे किंवा जर्दाळूचे मऊ बन घरी सहज करता येतात. पुरणपोळी करणाऱ्या घराला तर यातलं अर्धं ज्ञान आधीच असतं. आड येतात ते काही गैरसमज.

गैरसमज : जितकी गरमी जास्त, तितकं पीठ छान फुगतं.

वस्तुस्थिती : यीस्ट हा सजीव आहे आणि त्याला बेताची ऊब लागते. पिठाचं तापमान २४ ते २७ अंश सेल्सिअस असलं, की ते शांतपणे फुगतं आणि त्याला चवही येते. चाळिशीच्या आसपास ते घाईने फुगतं, आंबतं आणि त्यातलं लोणी वितळून बाहेर येतं. ५५-६० अंशांना यीस्ट मरतं. म्हणून रियाधच्या उन्हाळ्यात पीठ बाल्कनीत ठेवू नका. एसी लावलेली २५ अंशांची खोली ही उत्तम जागा, फक्त एसीचा झोत थेट भांड्यावर येऊ देऊ नका. मळायला फ्रिजमधलं दूध घ्या. जानेवारीत उलट करा. तेव्हा रात्रीचा पारा दहाच्या आसपास उतरतो, म्हणून दूध कोमट करा आणि पीठ बंद ओव्हनमध्ये, दिवा न लावता, गरम पाण्याच्या वाटीशेजारी ठेवा.

घड्याळावर विसंबू नका, पिठाकडे पाहा. ते दुप्पट झालं आणि बोटाने दाबलेला खळगा सावकाश वर आला, की तयार. गुरुवारी रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवलेलं पीठ शुक्रवारी दुपारी जास्त चवदार लागतं आणि लाटायलाही सोपं जातं.

गैरसमज : यीस्ट आधी पाण्यात फेसाळवलंच पाहिजे, आणि साखर जितकी जास्त तितकं ते जोमाने वाढतं.

वस्तुस्थिती : बारीक दाण्यांचं इन्स्टंट यीस्ट थेट मैद्यात मिसळता येतं. जाड दाण्यांचं ‘अ‍ॅक्टिव्ह ड्राय’ यीस्ट मात्र चाळीस अंशांच्या कोमट पाण्यात आधी भिजवावं लागतं. पुडा जुना असेल, तर कोणतंही यीस्ट चिमूटभर साखरेच्या कोमट पाण्यात तपासून घेणं शहाणपणाचं.

साखर मैद्याच्या दहा टक्क्यांपलीकडे गेली, की ती यीस्टच्या पेशींतलं पाणी ओढून घेते आणि पीठ मंदावतं. गोडवा सारणात ठेवा. दालचिनीही सारणातच घाला. पिठात ती जास्त झाली, तर यीस्टला आवर घालते.

गैरसमज : यीस्ट मांसाहारी आहे, आणि त्याने पदार्थात दारू उरते.

वस्तुस्थिती : यीस्ट ही एकपेशीय बुरशी आहे, अळंबीच्या कुळातली. त्यात प्राण्यांचा अंश नाही. आंबताना ती कार्बन डायऑक्साइड आणि थोडं अल्कोहोल तयार करते, त्यातलं बहुतेक ओव्हनच्या आचेत उडून जातं. कोणत्याही पावाच्या बाबतीत असंच होतं. कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे किराणा दुकानात, मिळणारा समोली पाव आणि तंदुरातून निघणारी तमीस रोटीही यीस्टनेच फुगतात. गोव्याचे पोदेर, म्हणजे पाववाले, पूर्वी माडाच्या सुरेने पीठ फुगवत, तेही काम सुरेतल्या यीस्टचंच. अंडंही अनिवार्य नाही. दूध आणि लोण्याने बन पुरेसा मऊ होतो.

गैरसमज : पीठ हाताला चिकटलं, की मैदा वाढवावा.

वस्तुस्थिती : घरी केलेले बन दगडासारखे होण्याचं हे सर्वांत मोठं कारण. सुरुवातीला हे पीठ चिकटणारच. आठ-दहा मिनिटं मळा, मग त्यातले प्रथिनांचे धागे जुळतात आणि ते आपोआप हात सोडतं. उन्हाळ्यात रियाधच्या दुपारच्या हवेत आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास असते. इथला मैदाही कोरडा असतो, म्हणून तो मुंबईच्या पावसाळ्यातल्या मैद्यापेक्षा चमचा-दोन चमचे दूध जास्तच पितो. याच हवेत उघड्या पिठावर पापुद्रा धरतो आणि बन ओव्हनमध्ये वेडावाकडा फाटतो. पातळ ओलं फडकंही इथे लवकर वाळतं, तेव्हा तेल लावलेलं भांडं घट्ट झाकणाने बंद करा.

गैरसमज : ताजं फळ चिरून भरलं, की बन अस्सल होतो.

वस्तुस्थिती : खरी मेख इथेच आहे. आंबा आणि सफरचंद यांत ८० टक्क्यांहून जास्त पाणी असतं. भाजताना त्याची वाफ होते, बनाच्या पोटात पोकळी पडते आणि तळ कच्चा, ओलसर राहतो. कच्चा अननस, पपई किंवा किवी तर वेगळंच नुकसान करतात. त्यांतली विकरं प्रथिनांचे धागे तोडतात आणि पीठ लिबलिबीत होतं. शिजवल्यावर ही विकरं निकामी होतात. तेव्हा फळ आटवा. किती? पुरणात उलथनं उभं राहिलं की ते झालं, हे आपल्याकडे आजी सांगते. तीच कसोटी इथे लावा. सारण गार झाल्याशिवाय भरू नका, नाहीतर लोणी वितळतं.

या बाबतीत रियाधसारखं गाव शोधून सापडणार नाही, कारण इथे खजूर आहे. त्यात पाणी मुळातच कमी, म्हणून आटवण्याचे कष्ट नाहीत. कसीमची मऊ, गोड सुक्करी, अल-अहसाची खलास, मदिनेची अजवा यांपैकी सारणाला पहिल्या दोन चांगल्या. अल-अहसाच्या खजुरांच्या मरूद्यानाला २०१८मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. मामूल या अरबी बिस्किटांसाठी मिळणारा बिया काढलेल्या खजुराचा तयार लगदाही चालतो. तो चमचाभर लोण्यात मऊ करून वेलची आणि लिंबाचा रस घातला, की गोडवा बोचत नाही. रमजानमध्ये दुकानांत कमर अल-दीनच्या घड्या दिसतात. ती जर्दाळूची ‘आंबापोळी’च. तिचे तुकडे, किंवा गावाहून आणलेली कोकणातली आंबापोळी, बनात थेट भरता येते. हापूसच्या डब्यातला रस मात्र गोळा होईपर्यंत आटवावा लागतो.

गैरसमज : वरून सोनेरी झाला, की बन तयार.

वस्तुस्थिती : दूध आणि साखरेमुळे वरचा रंग लवकर येतो, सारणाजवळचं पीठ मागे राहतं. एक बन उचलून तळ पाहा. तोही तांबूस हवा. थर्मामीटर असेल, तर पिठात ९० अंशांच्या आसपास आकडा दिसला पाहिजे. रंग फार लवकर आला, तर वरून फॉइल टाका.

गैरसमज : उरलेले बन फ्रिजमध्ये ताजे राहतात.

वस्तुस्थिती : फ्रिजच्या थंडाव्यात मैद्यातला स्टार्च लवकर कडक होतो. खजुराचे बन दीड-दोन दिवस हवाबंद डब्यात बाहेर, एसीच्या खोलीत ठेवा. जास्त दिवसांसाठी फ्रीझरमध्ये ठेवा आणि खायच्या वेळी ओव्हनमध्ये गरम करा.

सोळा बनांचं प्रमाण असं : ५०० ग्रॅम मैदा (पाकिटावर १०० ग्रॅमला ११-१२ ग्रॅम प्रथिनं लिहिलेला), ५० ग्रॅम साखर, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ८ ग्रॅम मीठ, ३०० मिलिलिटर दूध आणि मळून झाल्यावर मुरवायला ७५ ग्रॅम मऊ लोणी. सारण ४०० ग्रॅम, म्हणजे प्रत्येक बनात २५ ग्रॅम. पीठ दुप्पट होऊ द्या, गोळे करून सारण भरा, तोंड घट्ट मिटून ती बाजू खाली ठेवा. पुन्हा पाऊण तास फुगू द्या आणि १८० अंशांवर १८ ते २० मिनिटं भाजा.

पहिला घाणा बिघडला, तर हवेला बोल लावू नका. पाण्याला हात लावून पाहा, सारणात उलथनं उभं करून पाहा आणि पुढच्या शुक्रवारी पुन्हा करा.