जेटेबल, मेसचे काका आणि ओळ क्रमांक शून्य

जावा शिकताना खिडकी, बटण, टेक्स्टबॉक्स इथपर्यंत गाडी मजेत चालते. मग कोणीतरी म्हणतं, "यादी दाखव ना, चार कॉलमची." तिथून खरा प्रोग्राम सुरू होतो. माझ्या बाबतीत हे म्हणणारे होते रेक्टर सर आणि यादी होती मेसच्या थकबाकीची. कॉलम चार: खोली, नाव, थकबाकी, भरले.

स्विंगमध्ये यासाठी जेटेबल आहे. स्विंग 1998 साली जावा 1.2 बरोबर आलं आणि आजही जेडीकेमध्येच मिळतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. पहिल्याच संध्याकाळी यादी दिसली, पण कॉलमची शीर्षकं गायब! तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की जेटेबल थेट खिडकीत टाकलं तर शीर्षकं येत नाहीत, ते जेस्क्रोलपेनमध्ये ठेवावं लागतं. हा मार प्रत्येकजण एकदा खातोच.

शीर्षकावर क्लिक केल्यावर यादी क्रमाने लागावी, ही मेसच्या काकांची मागणी. जावा 6 पासून (2006) हे एका ओळीचं काम आहे: सेट-ऑटो-क्रिएट-रो-सॉर्टर, आणि कंसात ट्रू. मी खूश. काका मात्र चष्मा वर करून म्हणाले, "अरे, सगळ्यात जास्त थकबाकी 950 कशी? त्या 102 वाल्याची 1200 आहे की!" बरोबर होतं त्यांचं. डिफॉल्ट-टेबल-मॉडेल प्रत्येक कॉलमचा प्रकार नुसता ऑब्जेक्ट सांगतं. मग सॉर्टर आकड्यांना अक्षरं समजून लावतो आणि 1200 चा 1 हा 950 च्या 9 च्या आधी येतो. उपाय म्हणजे गेट-कॉलम-क्लास ही मेथड स्वतः लिहायची आणि थकबाकीसाठी इंटिजर परत द्यायचा. आत टाकतानाही खराखुरा इंटिजरच टाकायचा. टेक्स्टबॉक्समधली स्ट्रिंग तशीच ढकलली तर क्रम लावताना प्रोग्राम एक्सेप्शन फेकतो. बक्षीस म्हणून आकडे आपोआप उजवीकडे सरकतात, आणि "भरले" कॉलमला बुलियन सांगितलं की तिथे चेकबॉक्स येतो.

आता मुख्य गोष्ट. प्रोग्राम मेसच्या खिडकीत बसला आणि तिसऱ्या दिवशी रात्री 102 मधल्या मुलाचं ताट थांबवलं गेलं. थकबाकीदारांच्या यादीत त्याचं नाव होतं. तो म्हणतोय पैसे भरले, यादी म्हणतेय नाही. रांगेतली पोरं हसायला लागली. दोन दिवस तो बाहेर वडापाव खाऊन राहिला. शेवटी काकाच मला म्हणाले, "पावती मी स्वतः फाडलीय रे. पोरगं खोटं बोलत नाहीये. तुझं यंत्र बघ." 101 मधल्याने काहीच तक्रार केली नव्हती, साहजिकच. त्याची 950 रुपयांची थकबाकी फुकटात मिटली होती.

झालं होतं असं. माझ्या डेटात खोल्या 101, 102, 103, 104 अशा क्रमाने आहेत, थकबाकी 950, 1200, 0, 350. जावा ओळी शून्यापासून मोजते, म्हणजे 101 ही ओळ 0 आणि 102 ही ओळ 1. काकांनी थकबाकीच्या शीर्षकावर दोनदा क्लिक केलं, यादी उतरत्या क्रमाने लागली आणि पडद्यावर 102 सगळ्यात वर गेला. पण मॉडेलमधला डेटा जागचा हलला नाही! सॉर्टर फक्त एक नकाशा ठेवतो: पडद्यावरची ओळ 0 म्हणजे मॉडेलमधली ओळ 1, वगैरे. काकांनी वरची ओळ निवडली, गेट-सिलेक्टेड-रोने मला 0 दिला, आणि तो 0 मी सरळ मॉडेलच्या सेट-व्हॅल्यू-अ‍ॅटला दिला. मॉडेलची ओळ 0 कोण? 101.

यात खरी मेख पुढेच आहे. जमा करण्याआधी "खोली 102, 1200 रुपये जमा करू?" असं मी विचारत होतो आणि तो संदेश अगदी बरोबर येत होता. कारण तो मजकूर मी टेबलकडून घेत होतो. टेबलचं गेट-व्हॅल्यू-अ‍ॅट पडद्यावरचा क्रमांक घेतं आणि नकाशा स्वतः बघतं. मॉडेलचं तसं नाही, त्याला नकाशा माहीतच नाही. मेथडचं नाव तेच, पण अर्थ दोन. काकांनी बरोबर वाचून बरोबर "हो" दाबलं आणि पैसे भलत्याच्या नावावर गेले. माझ्या टेस्टिंगमध्ये हे पकडलं गेलं नाही, कारण मी यादी कायम खोलीच्या क्रमानेच ठेवून तपासली. तेव्हा दोन्ही क्रमांक एकच असतात.

दुरुस्ती एका ओळीची: मिळालेला क्रमांक आधी कन्व्हर्ट-रो-इंडेक्स-टू-मॉडेलमधून काढायचा, मगच मॉडेलला हात लावायचा. काहीच निवडलेलं नसेल तर गेट-सिलेक्टेड-रो उणे 1 देतं, ते त्याआधी तपासायचं. अनेक ओळी काढून टाकायच्या असतील तर सगळे क्रमांक आधी बदलून घ्यायचे आणि मोठ्या क्रमांकापासून खाली पुसत यायचं, नाहीतर पहिली ओळ गेली की उरलेले क्रमांक सरकतात. कॉलमचंही तसंच. कोणी माउसने कॉलम ओढून इकडचा तिकडे केला की पडद्यावरचा आणि मॉडेलमधला कॉलम क्रमांक वेगळा होतो. क्यूटी वापरणाऱ्यांनीही हसू नये, तिथे सॉर्ट करायला प्रॉक्सी मॉडेल लावलं की मॅप-टू-सोर्स करावंच लागतं.

जाता जाता रंगाचं. थकबाकी लाल करायला गेलो तर खालचे शून्यवालेही लाल! जेटेबल प्रत्येक चौकटीसाठी वेगळं लेबल बनवत नाही, एकच लेबल रबरी शिक्क्यासारखं सगळीकडे उमटवतं. एकदा शाई लाल केली की पुढचे ठसेही लालच, म्हणून एल्समध्ये काळा रंग परत द्यायचा.

102 वाल्याची मी रांगेत सगळ्यांसमोर माफी मागितली. 101 वाल्याने 950 रुपये भरले, पण आठवड्याने. कोड पाहायचा असेल त्यांनी जेवणानंतर माझ्या खोलीवर यावं, पेनड्राइव्ह आपापला आणावा.